भरलेली बाटली

६ ऑगस्ट

काका,

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यात तुम्हीच बोलत असता, म्हणून पत्र लिहायला बसले. तुम्हाला नमस्कार, काकूला त्याहून मोठा.

आधी चांगली बातमी. तुम्ही फुकटात नकाशा काढून दिलेलं आमच्या शाळेचं स्वच्छतागृह सुट्टीत बांधून झालं आणि जुनं पाडलं. डावीकडे मुलं, उजवीकडे मुली, मधे एक भिंत. पांढऱ्या फरशा, नीट लागणाऱ्या कड्या, आणि तुमचे ते लाडके नळ, दाबले की थोडं पाणी सोडून आपोआप बंद होणारे. कुठे थेंब गळत नाही. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला वर्गांच्या आधी तेच दाखवतात.

आता कोडं. मुली तिथे जात नाहीत.

जुनं तुम्ही पाहिलं होतंत. दार खालून कुजलेलं, फरशी कायम ओली, आणि तो नळ, ज्याला बंद होणं ठाऊकच नव्हतं. दिवसभर बादलीत धार. तरी मधल्या सुट्टीत मुलींची तिथे रांग लागायची, नाक दाबून का होईना, पण लागायची. आता एवढा महाल उभा केलाय तर सगळ्या अंगणात बसून राहतात. शाळा सुरू झाली तेव्हा घोळक्याने जायच्या तरी. गेल्या काही आठवड्यांत तेही बंद. सफाईला येणाऱ्या मावशी म्हणतात, "बाई, मुलींच्या बाजूला धुवायचं तरी काय?"

मला हसू आलं असतं, पण माझ्या वर्गात एक मुलगी आहे. सगळे तिला मुंगी म्हणतात. एवढीशी, सतत काहीतरी उद्योग करणारी, आणि गणितात माझ्या एक पाऊल पुढे. तिचा बाप बस चालवतो. रोज संध्याकाळी तिला न्यायला येतो आणि गाडीतलं तेल तपासावं तशी तिची पाण्याची बाटली कानाशी धरून हलवतो. सकाळी भरून दिलेली बाटली भरलेलीच परत जाते. मागच्या आठवड्यात मुंगीला ताप भरला आणि लघवीची जळजळ सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ही पाणी पीत नाही आणि दिवसभर धरून ठेवते. बाप मला फाटकापाशी म्हणाला, "बाई, शाळेत येऊन पोरगी आजारी पडणार असेल तर हे सत्र झालं की घरीच राहू दे. तिची आत्या शिवण शिकवेल." माणूस वाईट नाही, घाबरलाय. पण मुंगी शिवण शिकत घरी बसली तर मला रात्री झोप लागायची नाही.

तिला विचारलं, का जात नाहीस? म्हणते, "मला लागतच नाही, बाई." बाकीच्याही तेच म्हणतात. जणू आमच्या शाळेत मुलींना लागणंच बंद झालंय.

बाकी ठीक. मुलांना नवीन खोड लागलीय, बोटांच्या टोकांनी बाक वाजवायची. एक सुरू करतो, मग सगळी ओळ. शेजारच्या पेटीवाल्याचा, तो पत्र्याच्या पेट्या ठोकतो त्याचा, त्रास मात्र मी मिटवला. गोडीगुलाबीने बोलून आले. आता शाळा सुटेपर्यंत तो फक्त रंगकाम करतो. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते.

तुम्ही आयुष्यभर शाळा बांधल्यात. सांगा, काय चुकतंय?

तुमची पुतणी


१४ ऑगस्ट

मास्तरीणबाई,

पत्र आधी तुझ्या काकूने मोठ्याने वाचून दाखवलं. मग मी स्वतः वाचलं, कारण वाचताना ती पदरचं घालते असा माझा जुना संशय आहे.

महाल बांधावा आणि राहायला कुणी येऊ नये, हे ऐकून कुठल्या बांधकामवाल्याला बरं वाटेल? दोन दिवस मी घुम्यासारखा बसलो होतो. मग डोकं चालवलं. असे प्रकार मी पाहिलेत. एका शाळेत पाल होती, एकच, पण सगळ्या शाळेला पुरून उरली. एका ठिकाणी कडी इतकी उंच की लहान पोरांचा हातच पोचेना. आणि एका ठिकाणी दार उघडलं की थेट मुख्याध्यापकांच्या खुर्चीसमोर. कोण जाईल?

तेव्हा तू स्वतः आत जा. कडी लाव. दार लावल्यावर उजेड किती राहतो, वास येतो का, बाहेरून फटीतून काही दिसतं का, सगळं बघ. खिडकीपाशी बसून मुली कधी जातात, कधी नाही, तेही बघ. जे दिसेल ते लिही. अंदाज नको, मला दिसलेलं हवं.

आणखी दोन शाळांनी हाच नकाशा मागितलाय. तुझं उत्तर येईपर्यंत तो टेबलावरच राहील. चूक माझी असेल तर ती तीन ठिकाणी कशाला बांधायची?

मुंगीच्या बापाला सांग, घाई करू नको म्हणावं.

काका


२५ ऑगस्ट

काका,

हुकुमाप्रमाणे केलं. मी आत जाऊन कडी लावून एवढा वेळ बसले की बाहेर मावशींनी दार ठोठावून "बाई, बरं आहे ना?" विचारलं. कडी मुंगीच्याही हाताला येते. उजेड भरपूर. वास नाही. पाल नाही. एक कोळी आहे, तो निरुपद्रवी दिसतो. बाहेरून आतलं काही म्हणता काही दिसत नाही.

मग मी शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीत ठाण मांडलं आणि एक गंमत सापडली. मधल्या सुट्टीत मुलींच्या बाजूला चिटपाखरू नसतं. पण वरची टाकी भरायला शिपाईदादांनी पंप सुरू केला की सगळ्या वर्गांतून हात वर होतात. "बाई, जाऊ का?" "सर, जाऊ का?" पंप स्वच्छतागृहाला लागूनच आहे, ट्रॅक्टरसारखा धडधडतो. तो बंद झाला की रांगेत उरलेल्या मुली तशाच परत येतात. दारापाशी पोचलेली मुलगीसुद्धा परत फिरते, काका. हे मी या डोळ्यांनी पाहिलं.

शिपाईदादांना काही वेळ ठरलेली नाही. आठवण झाली की पंप लावतात, आणि टाकी भरलेली असली की लावतही नाहीत. परवा असाच दिवस होता. संध्याकाळी मुंगी पोट धरून चालत होती. पुन्हा जळजळ, पुन्हा औषध. बाप या वेळी एवढंच म्हणाला, "आता परत झालं तर सत्र संपायची वाट बघणार नाही."

मला वाटलं, पंप नसताना नळाला पाणी येत नसेल. पण येतं, मी पाहिलं. मग पंपाचं काय आहे? मुलींना विचारलं तर एकमेकींकडे बघून हसल्या, आणि हसू लगेच गिळून टाकलं. शेवटी एक मोठी मुलगी म्हणाली, "पंप चालू असला की बरं वाटतं, बाई." यापुढे तोंडाला कुलूप.

बरं वाटतं म्हणजे काय वाटतं, काका?

तुमची पुतणी


२ सप्टेंबर

मास्तरीणबाई,

सापडलं. वाचता वाचताच सापडलं आणि मी टेबलावर अशी थाप मारली की चहा सांडला.

पाण्याचा जोर. दुसरं काही नाही. दाबाच्या नळाला मागून जोर लागतो. तुमची टाकी बुटकी आहे. पंप चालू असताना धार जोरात येते, एरवी मरतुकडी. मुलींना धास्ती असणार की ऐन वेळी पाणी पुरलं नाही तर? ही भीती कोण बोलून दाखवील? पोरांना काय, त्यांना पाण्याची पडलेलीच नसते. उपाय सोपा आहे. टाकी लोखंडी घडवंचीवर चढवा. सोबत चित्र काढून पाठवतोय. गवंडी आणि लोहार दोघांना कळेल असं आहे.

तुझी काकू हे सगळं ऐकून हसत सुटली. विचारलं काय झालं, तर म्हणते, "टांगा, आभाळाला टांगा ती टाकी." पाण्याच्या कामातलं तिला काय कळतं? जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसली, कानाला डबा लावून.

आणि घरची तऱ्हा ऐक. आमच्या बाथरूमच्या नळाचा वॉशर मी पुन्हा बदलला. ही आत गेली की नळ सुरूच, मागच्या गटारात धार दिसते. बाहेर आली की मी जाऊन बघतो, तर नळ ठणठणीत. दुनियेच्या गळत्या थांबवल्या आणि घरची काही मला सापडेना.

टाकी चढवली की कळव. मग नकाशात तसा बदल करून दोन्ही शाळांना पाठवतो.

काका


३ सप्टेंबर

बाळ,

हे पत्र काकांच्या पाकिटात नाही. वेगळं तिकीट लावून, भाजी आणायच्या निमित्ताने टाकून येणार आहे. टाकी चढवू नकोस. चांगली आहे तिथेच राहू दे.

आमच्या नळाला काहीही झालेलं नाही. मीच तो सोडते.

लग्न होऊन आले तेव्हा आम्ही दोन खोल्यांत राहायचो. बाथरूमचं दार बाहेरच्या खोलीत उघडायचं आणि त्या खोलीत माझे सासरे आणि त्यांचे मित्र पेपर वाचत बसलेले असायचे. पेपर वाचणारी माणसं किती गप्प असतात तुला माहीत आहे. एक पत्र्याचं दार, आणि अलीकडे मी. पहिले काही दिवस मी पाणीच प्यायले नाही, तुझ्या मुंगीसारखी. मग एकदा नळ सोडून पाहिला. त्या धारेच्या आवाजात माझा आवाज विरून गेला आणि मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. बायका हे एकमेकींना सांगत नाहीत, तरी सगळ्यांना येतं.

तुझे काका दर वेळी नवा वॉशर आणतात, चष्मा लावून, गुडघे टेकून, मनापासून बसवतात. सांगायचं म्हटलं तर कशी सांगणार? लाज वाटायची, मग सवय झाली, मग इतकी वर्षं गेली की आता सांगितलं तर हे वॉशरचा हिशेब काढतील. आता तर त्यांना ऐकूही येत नाही. तरी माझा हात नळाकडे जातोच.

आणि तू गं? सुट्टीत आमच्याकडे यायचीस तेव्हा तूसुद्धा आत गेलीस की नळ सोडायचीस. आठव.

त्या जुन्या संडासातला नळ कायम वाहत होता ना? काकांचे नवे नळ थोडं पाणी सोडतात आणि गप्प होतात. पंप गप्प नसतो. मधली भिंत वर कुठपर्यंत गेलीय आणि पलीकडे कोण उभं असतं, ते बघ. बघ म्हणजे डोळ्यांनी नको. कान दे.

हे पत्र काकांना दाखवायचं की नाही ते तू ठरव. मला वाटतं दाखव. मला आता वॉशरची दया येते.

काकू


११ सप्टेंबर

काकू, आणि काका (तुम्हीही वाचा, काकूचं पत्र यासोबत परत पाठवतेय),

शाळा सुटल्यावर मी आणि चित्रकलेच्या बाई मागे गेलो. बाई मुलींच्या बाजूला आत गेल्या आणि तांब्याने हळूहळू पाणी ओतत राहिल्या. मी पलीकडे, मुलांच्या बाजूला उभी राहिले. तिथे भिंतीबाहेरच पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, मधल्या सुट्टीत सगळी मुलं तिथे घोळका करून असतात.

काका, मला बाईंनी कडी लावलेली ऐकू आली. त्यांच्या बांगड्या ऐकू आल्या. आणि पाण्याची ती बारीक धार अशी ऐकू आली की जणू माझ्या कानातच पडतेय. हवा खेळावी म्हणून मधली भिंत तुम्ही छताखाली थांबवलीय आणि वर पत्रा आहे. पत्रा ते सगळं उचलतो आणि पलीकडे टाकतो. मी तिथे उभ्या उभ्या लाल झाले, आणि आत तर नुसता तांब्या होता.

मग एकेक उलगडत गेलं. मुलांचं ते बाक वाजवणं. बोटांच्या टोकांनी, हलकं, भुरभुर पाऊस पडल्यासारखं. ते सुरू व्हायचं एखादी मुलगी तिकडून वर्गात परत आली की. आणि मी त्यांना विचारत होते, बोटं दुखत नाहीत का रे? मुंगीच्या वेळी सगळ्यात जास्त वाजायचं, कारण ती गणितात सगळ्यांच्या पुढे.

आणि पेटीवाला. त्याची ठोकठोक चालू होती तोवर मुली घोळक्याने जात होत्या. मी माझ्या पायांनी गेले आणि मुलींचा एकुलता आडोसा गोड बोलून बंद करून आले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले त्याच्याकडे. म्हटलं, "दादा, मधल्या सुट्टीत ठोकाल का?" तो ब्रश हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "बाई, एकदाचं ठरवा. ठोकू का नको?" मला कारण सांगवेना. मुलांना तालाची सवय व्हायला हवी, असं काहीतरी बोलले. त्याने शाळेच्या भिंतीकडे पाहिलं, त्या बाजूच्या नव्या पत्र्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, "मधल्या सुट्टीत मोठ्या पेट्या घेतो मग. त्यांचा आवाज चांगला येतो." समजला की नाही, देव जाणे. मला वाटतं समजला.

मोठ्या सरांना मुलांना झोडायचं होतं. मी नको म्हटलं. वर्गात एवढंच म्हणाले की भिंत दोन्हीकडून तेवढीच उंच आहे, तुमचंही पलीकडे सगळं ऐकू येतं, आणि पलीकडे आम्ही बायका असतो. त्या दिवसापासून बाक वाजला नाही.

मुंगीला एकटीला बोलावलं. म्हटलं, मीसुद्धा घरी नळ सोडते. तिचे डोळे मोठे झाले. "बाई, तुम्हीपण?" मग जरा विचार करून म्हणाली, "मग हे गप्प होणारे नळ कुणी लावले?"

"माझ्या काकांनी."

"त्यांना सांगा ना," ती म्हणाली.

सांगितलं. आता तुम्ही बघा.

तुमची पुतणी


२० सप्टेंबर

मास्तरीणबाई,

दोन्ही पत्रं वाचली. स्वतः वाचली. काकू शेजारी बसून शेंगा सोलत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

मी तुला लिहिलं होतं, जे दिसेल ते लिही. उजेड विचारला, वास विचारला, फटी विचारल्या. ऐकू काय येतं ते विचारलं नाही. इतक्या शाळा बांधल्या, एकाही नकाशात मी आवाज धरला नाही. फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून भिंत चढत नाही, म्हणून नवीन नकाशा सोबत आहे. मधली भिंत छतापर्यंत चढवा, फट सिमेंटच्या मसाल्याने बुजवा. हवेसाठी बाहेरच्या भिंतींना उंचावर जाळ्या ठेवा. पत्र्याखाली लाकडी फळ्यांचं छत घाला. पिण्याचे नळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला न्या.

आणि मुलींच्या बाजूला भिंतीलगत एक लांब हौद. त्यात टाकीतून बारीक धार पडत राहील, शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत. हौद भरून सांडलं की पाणी पन्हळीने झाडांना. वाया काही जाणार नाही, तेवढं मी बघितलंय. धार किती उंचीवरून पडावी याचे प्रयोग बादली घेऊन घरीच केले. धार बादलीत सोडून मी आत तांब्याने पाणी ओतत होतो, काकू बाहेर उभी राहून "अजून ऐकू येतंय, अजून येतंय" म्हणून ओरडत होती. जन्मभर गळत्या बंद केल्या, आता नकाशात गळती काढतोय आणि खाली सही करतोय. तिन्ही शाळांना हाच नकाशा जाईल. गवंडी माझ्या ओळखीचा आहे, सोमवारी येईल.

परवा आमच्याकडे माझे जुने साहेब सपत्नीक आले होते. बोलता बोलता काकू उठून आत गेली. मला काही ऐकू आलं नाही, पण साहेबांनी मान वळवून तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमचा नळ चालू राहिलाय वाटतं." पूर्वी मी पाना घेऊन उठलो असतो. म्हटलं, "असू द्या. तो तसाच चांगला आहे." आणि मी मोठ्या आवाजात बोलायला लागलो, नको तितक्या मोठ्या. साहेबांच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि ती हसली.

वॉशरची पिशवी काकूने शेजाऱ्यांना देऊन टाकली.

काका


१५ ऑक्टोबर

काका, काकू,

हौद वाहतो आहे. गवंडी गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मुली बिचकत गेल्या, एक जण आत, बाकीच्या बाहेर कान लावून. मग त्यांनीच आपापसात ठरवून टाकलं की चालतंय. आता मधल्या सुट्टीत रांग असते, आणि मावशी तक्रार करतात की काम वाढलं. ती तक्रार ऐकायला मला फार आवडते. पेटीवाला अजून मधल्या सुट्टीत मोठ्या पेट्याच घेतो. त्याला आता थांबवायची गरज नाही, आणि सांगायचीही मला हिंमत नाही.

आज सत्राचा शेवटचा दिवस. मुंगीचा बाप फाटकापाशी आला. मुंगीच्या दप्तरातून त्याने बाटली काढली आणि रोजच्यासारखी कानाशी धरून हलवली. मग पुन्हा हलवली. झाकण उघडून आत पाहिलं आणि बाटली उलटी धरली.

एक थेंब पडला नाही.

"सुट्टीनंतर किती वाजता भरते शाळा?" त्याने विचारलं. मुंगीनेच वेळ सांगितली.

तुमची पुतणी